बाळ कोण बघणार? नवजात शिशुतज्ज्ञ शोधण्याआधी थोडं समजून घेऊ

माझ्या मावसबहिणीला आठवा महिना लागला तेव्हा तिची यादी पूर्ण झाली होती. डिलिव्हरी कोण करणार, रात्री सोबत कोण थांबणार, पिशवीत काय काय भरायचं, सगळं ठरलेलं. मग एका रात्री अकरा वाजता तिचा मेसेज आला: "ताई, सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी दिसतंय. मॅडम म्हणाल्या, निओनॅटॉलॉजिस्ट असेल अशा ठिकाणी नाव घाला. म्हणजे नक्की कोण गं? साधा बालरोगतज्ज्ञ चालत नाही का? चांगला एखादा माहीत असेल तर सांग ना."

मी डॉक्टर नाही. आरोग्याच्या विषयांवर लिहिते, म्हणून नात्यागोत्यातली दुखणीखुपणी आधी माझ्या फोनवर येतात, एवढंच. पण तिच्यासाठी चौकशी करताना लक्षात आलं की "चांगला डॉक्टर कोण" हा प्रश्नच जरा वाकडा आहे. आजारी नवजात बाळासाठी एकटा डॉक्टर, कितीही हुशार असला तरी, फार काही करू शकत नाही. शोधायची असते ती जागा: तिथली माणसं, यंत्रं, रात्रीची पाळी. आणि शोधायचं असतं बाळ पोटात असतानाच.

आधी चार शब्द

'नवजात' म्हणजे जन्मापासून पहिल्या २८ दिवसांचं बाळ. एकोणतिसाव्या दिवशी बाळात काही जादू घडत नाही, पण जगभर हिशोबासाठी हीच रेघ मानतात.

'बालरोगतज्ज्ञ' म्हणजे जन्मापासून किशोरवयापर्यंतच्या मुलांचा डॉक्टर. 'नवजात शिशुतज्ज्ञ', म्हणजेच निओनॅटॉलॉजिस्ट, हा आधी बालरोगतज्ज्ञ होतो आणि त्यानंतर आणखी दोन-तीन वर्षं फक्त नवजात बाळांवर, त्यातही आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर काम करून शिकतो. या प्रशिक्षणाची लांबी आणि पदवीचं नाव देशागणिक बदलतं.

'अपुऱ्या दिवसांचं' बाळ म्हणजे गरोदरपणाचे ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं. आणि 'एनआयसीयू' म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, ज्याला घरोघरी "बाळाला पेटीत ठेवलंय" असं म्हणतात. पेटी हा त्यातला सगळ्यात साधा भाग असतो, ते पुढे येईलच.

ही शाखा किती नवी आहे हे कळलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. 'निओनॅटॉलॉजी' हा शब्द अमेरिकी बालरोगतज्ज्ञ अलेक्झांडर शॅफर यांनी १९६० मध्ये पहिल्यांदा वापरला. अमेरिकेत या विषयाची पहिली स्वतंत्र परीक्षा झाली १९७५ मध्ये. आपल्या आजीच्या पिढीला हा डॉक्टर माहीत नव्हता, कारण तो अस्तित्वातच नव्हता.

अठ्ठावीस दिवसांसाठी वेगळा डॉक्टर कशाला?

पोटात बाळ स्वतः श्वास घेत नाही, अन्न पचवत नाही, अंग गरम ठेवत नाही. ही सगळी कामं वार आणि आईचं शरीर करतं. भाड्याच्या घरात वीज, पाणी, गॅस सगळं घरमालकाच्या जोडणीवर चालावं, तसं. नाळ कापली की जोडणी तुटते आणि काही मिनिटांत बाळाला सगळं स्वतःचं सुरू करावं लागतं. फुप्फुसांत भरलेलं द्रव बाहेर पडून तिथे हवा जायला हवी. हृदयातून रक्त वाहण्याचा रस्ता बदलायला हवा. रक्तातली साखर स्वतः टिकवायला हवी. माणसाच्या आयुष्यात शरीर इतक्या झपाट्यानं पुन्हा कधीच बदलत नाही.

बहुतेक बाळांना हे जमतं. दिवस भरलेल्या शंभर बाळांपैकी साधारण ८५ बाळं जन्मल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत आपली आपण श्वास घेऊ लागतात. आणखी दहांना नीट कोरडं करून पाठ चोळली की पुरतं. उरलेल्या पाचेकांना मात्र मास्क लावून, हातातला फुगा दाबून श्वास द्यावा लागतो. हे काम जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात सुरू व्हायला हवं, म्हणून डॉक्टर त्याला सोनेरी मिनिट म्हणतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं गणित वेगळं असतं. ओली प्लॅस्टिकची पिशवी उघडायला गेलं की तिच्या आतल्या बाजू एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांचंही तसंच होतं. त्या चिकटू नयेत म्हणून शरीर साबणासारखा एक पातळ थर तयार करतं, त्याचं नाव सर्फॅक्टंट. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला पिशवी नव्यानं उघडावी लागते. काही तासांत ते दमून जातं.

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, सुमारे साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलोच्या थोडं वर. त्याला हाच श्वासाचा आजार झाला आणि दोन दिवसांत तो गेला. जगातल्या सर्वात ताकदवान माणसाच्या हाताशी सगळे डॉक्टर होते, पण उपाय नव्हता. या आजाराचं मूळ सर्फॅक्टंटच्या कमतरतेत आहे हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी त्याच्या चारच वर्षं आधी दाखवलं होतं. बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं वाचल्याचा पहिला अहवाल यायला १९८० उजाडलं, तो जपानमधून. आज साडेचौतीस आठवड्यांचं, दोन किलोचं बाळ सुसज्ज विभागात जवळजवळ नेहमीच वाचतं.

नवजात शिशुतज्ज्ञाचं कौशल्य खरं तर मापात असतं. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं, चहाचा छोटा कप भरेल इतकं. तपासणीसाठी त्यातलं पाच मिलिलिटर काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं ३०० मिलिलिटर काढण्यासारखं. ऑक्सिजनचंही तेच. १९४० आणि ५० च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देत असत, चांगल्या हेतूनं. त्यातल्या हजारो बाळांची दृष्टी गेली, कारण जास्तीचा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडवतो. गायक स्टीव्ही वंडर त्याच काळातलं, सहा आठवडे आधी जन्मलेलं बाळ. कमी दिला तर मेंदूला धोका, जास्त दिला तर डोळ्यांना. या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात चोवीस तास बाळाला ठेवणं, हे या डॉक्टरचं रोजचं काम.

मग प्रत्येक बाळाला हाच डॉक्टर हवा का?

नाही. हे ठासून सांगते, कारण "सगळ्यात मोठा तज्ज्ञ तोच सगळ्यात सुरक्षित" हा समज घट्ट बसलेला असतो.

पोहायला शिकवणारा आणि पुरातून माणूस ओढून काढणारा, दोघंही पाण्यातलेच. पण मुलाला पोहायला शिकवायचं तर पूर बचाव पथकाला कोणी बोलावत नाही. दिवस भरलेलं, अडीच किलोच्या वरचं, नीट रडलेलं, अंगावर पिणारं बाळ चांगल्या बालरोगतज्ज्ञाच्या हाती पूर्ण सुरक्षित असतं. लसी, वजन, दूध, साधी कावीळ, रात्रीचं रडणं, यात त्याचा हात उलट जास्त सराईत असतो, कारण तो ही मुलं मोठी होताना वर्षानुवर्षं बघतो. शिवाय निरोगी बाळाला उगाच अतिदक्षतेच्या वातावरणात नेलं की तपासण्या वाढतात, आई आणि बाळ लांब राहतात, दूध उतरायला वेळ लागतो. जास्तीची दक्षता फुकट मिळत नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येक बाळंतपणात हवी, धोका असो वा नसो: बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देता येईल असं शिकलेलं एक माणूस त्याच खोलीत, आणि त्याच्या हाताशी बाळाच्या मापाचा मास्क आणि फुगा. ते माणूस डॉक्टर असेल, नर्स असेल किंवा सुईण असेल. पदवीपेक्षा हाताची सवय महत्त्वाची. ज्या पाच बाळांना मदत लागते, त्यांतल्या कित्येकांचं बाळंतपण शेवटपर्यंत अगदी सरळ चाललेलं असतं. त्यामुळे "आमची केस नॉर्मल आहे" म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही.

नवजात शिशुतज्ज्ञाची गरज आधीच दिसते ती ठरावीक परिस्थितीत. ३४ आठवड्यांच्या आत डिलिव्हरी होण्याची लक्षणं असतील, बाळाची वाढ खूप मागे पडली असेल, जुळी-तिळी असतील आणि लवकर येतील असं वाटत असेल, सोनोग्राफीत हृदय, आतडी, मूत्रपिंड यांत दोष दिसला असेल. आईच्या बाजूनं पाहायचं तर रक्तदाब खूप वाढलेला असणं, इन्सुलिन घ्यावं लागेल असा मधुमेह, वार खाली असून रक्तस्राव होणं, किंवा आईचा रक्तगट निगेटिव्ह असून तिच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असणं. आधीचं बाळ एनआयसीयूत राहिलं असेल तर तेही आवर्जून सांगावं. यातलं काही असलं की बाळाला त्रास होणारच असं नाही. तयारी वेगळी लागते, इतकंच. आणि सोनोग्राफीत विशिष्ट दोष असेल तर नवजात शिशुतज्ज्ञाच्या जोडीला लहान मुलांचा सर्जन किंवा हृदयतज्ज्ञही त्याच इमारतीत असावा लागतो. या वेगळ्या शाखा आहेत, एकच माणूस सगळं करत नाही.

मावसबहिणीच्या बाबतीत बाळाचं वजन मागे होतं आणि तिचा रक्तदाब चढत होता. म्हणजे तिच्या मॅडम बरोबर बोलत होत्या.

'एनआयसीयू आहे' ही पाटी काय सांगत नाही

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो. एनआयसीयू ही एकच गोष्ट नाही, तिच्या पायऱ्या असतात. काही देशांत तीन, काही ठिकाणी चार पायऱ्या मानतात, आणि एका ठिकाणची तिसरी दुसऱ्या ठिकाणच्या दुसरीसारखी असू शकते. म्हणून आकड्यावर जाऊ नये.

ढोबळ चित्र असं. पहिल्या पायरीवर निरोगी बाळं आणि अगदी थोडी देखरेख. दुसरीवर दीड किलोच्या वरची, ३२ आठवड्यांनंतरची बाळं, ज्यांना थोडा ऑक्सिजन, नळीनं दूध, काविळीसाठी निळा प्रकाश, सलाईन एवढंच लागतं. तिसरीवर व्हेंटिलेटर, सर्फॅक्टंट, एक किलोच्याही आतली बाळं. चौथीवर त्याशिवाय हृदयाच्या आणि इतर मोठ्या शस्त्रक्रिया. चारही ठिकाणी दारावरची पाटी एकसारखी असू शकते, आत पेट्याही सारख्याच चमकत असतात.

पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, हे या विभागातलं सर्वात जुनं यंत्र. पॅरिसमध्ये स्टेफान टार्निए यांनी ती १८८० च्या सुमारास वापरात आणली, कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्रावरून सुचलेली. ती बाळाला ऊब देते. फुप्फुसं चालवत नाही, जंतुसंसर्ग ओळखत नाही. "आमच्याकडे दहा पेट्या आहेत" हे ऐकून भारावून जाण्याचं कारण नाही.

पाटीच्या मागे बघायच्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे नर्स. नवजात बाळ "दुखतंय" म्हणत नाही. त्याचा रंग किंचित उतरलाय, दूध कालपेक्षा दहा मिलिलिटर कमी घेतलंय, हालचाल जरा मलूल वाटतेय, हे आधी नर्सला दिसतं, मग डॉक्टरला कळतं. व्हेंटिलेटरवरच्या बाळामागे एक नर्स हे चांगलं प्रमाण मानतात. थोड्या स्थिर बाळांसाठी दोघांमागे एक आणि बऱ्या होत आलेल्या चौघांमागे एक. मला विचाराल तर डॉक्टरच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे.

दुसरी म्हणजे घड्याळ. पाटीवर नाव असलेले तज्ज्ञ दिवसातून एकदा फेरी मारून जातात की इमारतीत असतात? रात्री तीन वाजता बाळाची नळी निसटली तर ती परत घालणारं माणूस किती मिनिटांत पेटीपाशी पोहोचेल? प्रसिद्ध तज्ज्ञ वीस मिनिटांवर घरी झोपलेला असण्यापेक्षा, त्याच्या हाताखाली शिकलेला तरुण डॉक्टर विभागातच जागा असणं बाळाच्या जास्त कामाचं.

"वेळ आलीच तर हलवू की दुसरीकडे"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईच्या पोटाइतकी चांगली रुग्णवाहिका नाही. पोटात असलेलं बाळ हलवणं म्हणजे आईला गाडीत बसवून नेणं. जन्मलेलं बाळ हलवणं म्हणजे चालता-फिरता अतिदक्षता विभाग हलवणं: ऊब, ऑक्सिजन, साखर, नळ्या, सगळं धक्के खात. खूप लहान बाळं सुसज्ज केंद्रातच जन्मली तर ती बाहेर जन्मून नंतर आणलेल्या बाळांपेक्षा जास्त वाचतात, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे.

वेळेचा आणखी एक फायदा आहे. लवकर डिलिव्हरी होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान. ती बाळाची फुप्फुसं लवकर तयार करतात. याचा शोध न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवर लागला. ग्रॅहम लिगिन्स वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते, आणि जे कोकरू जगायलाच नको होतं ते श्वास घेताना दिसलं. रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी १९७२ मध्ये माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण या इंजेक्शनांना पूर्ण काम करायला साधारण एक दिवस लागतो. डिलिव्हरीच्या अर्धा तास आधी धावपळ करत पोहोचलं तर तो दिवस हातातून गेलेला असतो.

दिवस भरलेल्या बाळातही घड्याळ चालूच असतं. जन्माच्या वेळी बराच वेळ ऑक्सिजन न मिळाल्यानं मेंदूला इजा झाली असेल, तर बाळाचं शरीर ७२ तास ३३-३४ अंशांपर्यंत थंड ठेवायचा उपचार आहे. तो जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करावा लागतो. सगळीकडे तो मिळत नाही. त्या सहा तासांतले तीन फोनाफोनीत गेले तर उरतात तीन.

म्हणून धोका कमी असला तरी, जिथे डिलिव्हरी होणार तिथे एवढं विचारून ठेवावं: बाळाला वरच्या पायरीवर न्यावं लागलं तर कुठे नेता, कोण घेऊन जातं, आणि तिथला माणूस फोन उचलतो का? ज्या रुग्णालयाकडे याचं एका वाक्यात उत्तर असतं ते लहान असलं तरी भरवशाचं. जे "तशी वेळ येणार नाही" म्हणतात, त्यांची मला जास्त भीती वाटते.

"असं काही विचारलं तर डॉक्टरांना राग नाही का येणार?"

मावसबहिणीचा खरा अडथळा हाच होता. आणि त्याखाली आणखी एक: "आधीच असलं काही विचारलं तर मनात नको नको ते येतं गं." ते येतंच. पण विभागात आधी एकदा जाऊन आलेल्या आईबापांना, पुढे खरंच बाळ आत ठेवावं लागलं तर, निदान दार कुठे आहे आणि आत काय आवाज येतात हे माहीत असतं. धोक्याच्या गरोदरपणात जन्माआधी नवजात शिशुतज्ज्ञाची भेट घेणं ही नेहमीची वैद्यकीय पद्धत आहे. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांनाच ती ठरवून द्यायला सांगा. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं आहे का, हेही त्यातून आपोआप कळतं.

आम्ही बसून तिच्यासाठी प्रश्न काढले. पहिल्यांदा ती "तुम्ही किती बाळं वाचवली?" असं विचारणार होती. मी नको म्हटलं. सर्वात नाजूक बाळं जिथे पाठवली जातात, तिथेच मृत्यूही जास्त होतात. सोपी बाळं ठेवून अवघड पुढे पाठवणाऱ्या जागेचा आकडा नेहमीच देखणा दिसतो. त्यापेक्षा असं विचारलं: "आमच्या बाळाइतक्या आठवड्यांची आणि वजनाची किती बाळं तुमच्याकडे वर्षाला येतात? त्यांच्या बाबतीत साधारण काय काय अडचणी येतात?" सवय असलेला डॉक्टर यावर अडखळत नाही. आणि तो खात्री देत नाही, शक्यता सांगतो. "काही काळजी करू नका, सगळं छान होईल" एवढंच म्हणणाऱ्यापेक्षा "श्वासाला दोन-तीन दिवस मदत लागेल असं वाटतं, दूध पूर्ण यायला दोन आठवडे लागू शकतील" म्हणणारा बरा.

मग विचारलं, डिलिव्हरीच्या वेळी बाळासाठी खोलीत कोण उभं असेल. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोण. इथे कुठल्या बाळाला तुम्ही ठेवत नाही, पुढे पाठवता? हा प्रश्न मला फार आवडतो. आपली मर्यादा स्वतःहून सांगणारी माणसं इतर बाबतींतही खरं बोलतात.

आणि शेवटी विचारलं: "आईला आत कधी येता येतं?" हा भावनिक प्रश्न वाटतो, पण तो उपचाराचा आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी लहान बाळं आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूसारखी, म्हणून कांगारू मदर केअर. गरिबांचा उपाय म्हणून त्याकडे अनेक वर्षं बघितलं गेलं. मग २०२१ मध्ये पाच देशांतला एक मोठा अभ्यास आला. एक किलो ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू साधारण २५ टक्क्यांनी कमी झाले. आता जागतिक आरोग्य संघटनाही हेच सुचवते. तेव्हा दिवसातून दहा मिनिटं काचेतून बाळ दाखवणारा विभाग, त्यात यंत्रं कितीही नवी असोत, काळाच्या मागे आहे असं मी सरळ म्हणेन.

एका ठिकाणी या प्रश्नांवर डॉक्टर खरंच वैतागले. दुसऱ्या ठिकाणच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून कागदावर फुप्फुसाचं चित्र काढलं. तिनं नाव कुठे घातलं, हे सांगायला नको.

ऑनलाइन रेटिंगबद्दल थोडक्यात: पाच तारे पार्किंग, रिसेप्शन आणि डॉक्टरांचं हसणं मोजतात. ज्याचं बाळ बरं होऊन घरी आलं तो देव भेटला म्हणतो आणि ज्याचं नाही आलं तो उलट. दोघंही खरं बोलत असतात, पण तुमच्या बाळाबद्दल नाही. त्यापेक्षा पदवी आणि नोंदणी त्या-त्या देशाच्या वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते, ती तपासा.

घरी आल्यावर हाच डॉक्टर, की दुसरा?

निरोगी बाळ कुठेही जन्मलं तरी पहिल्या २४ तासांत, मग ४८ ते ७२ तासांत, मग सातव्या ते चौदाव्या दिवसात आणि सहाव्या आठवड्यात त्याला कोणीतरी जाणकारानं बघावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यासाठी बालरोगतज्ज्ञ पुरेसा, आणि तो घराजवळचा असलेला बरा. पहिले काही दिवस वजन थोडं उतरतं, दहाएक टक्क्यांपर्यंत. दोन आठवड्यांच्या आसपास ते जन्मवजनावर परत यायला हवं. कावीळ दिवस भरलेल्या निम्म्याहून जास्त बाळांना होते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. पण पहिल्या २४ तासांतच दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ ताबडतोब दाखवायची. उन्हात धरून ती जाईल यावर विसंबू नये.

तळहाताएवढ्या कागदावर लिहून कपाटाला चिकटवण्यासारखं आणखी थोडं आहे. बाळानं दूध ओढणं सोडलं, झटके आले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाला, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा खोल आत ओढली जाऊ लागली, डिवचल्याशिवाय हातपाय हलवेनासं झालं, किंवा अंग ३७.५ अंश आणि त्यावर तापलं वा ३५.५ च्या खाली गार पडलं, तर सकाळची वाट बघू नये. मोठ्या माणसात ताप महत्त्वाचा. नवजात बाळात गार पडणं तितकंच वाईट, आणि ते पटकन कोणाच्या लक्षात येत नाही.

एनआयसीयूतून आलेल्या बाळाचं प्रकरण वेगळं. त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर डोळ्याच्या पडद्याची तपासणी (खूप लवकर जन्मलेल्यांत साधारण चौथ्या आठवड्यात), कानांची तपासणी, डोक्याची सोनोग्राफी, हे केलं की राहिलं ते लिहिलेलं असायला हवं. पडद्याच्या तपासणीची तारीख चुकवू नये. त्या आजारात उपचाराची संधी काही दिवसांचीच असते. वाढीवर नजर ठेवायला नवजात शिशुतज्ज्ञाकडे निदान दोन वर्षं जात राहावं लागतं, बालरोगतज्ज्ञाच्या जोडीनं.

मावसबहिणीची मुलगी ३३ व्या आठवड्यात आली, १ किलो ६०० ग्रॅमची. श्वासाला चार दिवस मदत लागली, घरी यायला सव्वीस दिवस. आता ती सात महिन्यांची आहे आणि बघायला येणारं प्रत्येक माणूस विचारतं, अजून बसत कशी नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेपासून मोजत नाहीत, डॉक्टरांनी डिलिव्हरीची जी तारीख दिली होती तिच्यापासून मोजतात. मावसबहीण आता स्पष्टीकरण देत बसत नाही. ती म्हणते, "सात कुठली, साडेपाचच महिन्यांची आहे अजून."